कान तपासायचे तर गोंगाटात तपासा

कानाच्या दवाखान्यातली नेहमीची तपासणी शांततेत होते. बाहेरचा आवाज शिरणार नाही अशा छोट्या खोलीत माणसाला बसवतात, हेडफोन लावतात आणि २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सुटे सूर एकेक करून ऐकवतात. प्रत्येक सूर किती हळू केला तरी ऐकू येतो याची नोंद होते आणि तिचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, हातात मिळतो. रेघ मर्यादेत असली की कान चांगले आहेत असा निर्वाळा मिळतो. पण असा निर्वाळा मिळालेल्या अनेकांची मूळ तक्रार तशीच राहते. घरात दोघेच असताना सगळे नीट कळते. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्थानकावर किंवा चार माणसे एकदम बोलू लागली की आवाज कानावर पडतो, पण शब्द लागत नाहीत. ही तक्रार मनाचे खेळ किंवा लक्ष नसल्याचे लक्षण म्हणून बाजूला सारणे चूक आहे. शांततेत हळू आवाज ऐकू येणे आणि गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढता येणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. आपली तपासणी, आपला कायदा आणि शाळांचे बांधकाम मात्र पहिल्या क्षमतेपलीकडे पाहत नाही. रोजचे जगणे दुसरीवर चालते, म्हणून तीच मोजली पाहिजे आणि तिचेच रक्षण केले पाहिजे.

ही दुसरी क्षमता किती अवघड काम करते, हे आधी समजून घेऊ. आपल्या दोन्ही कानांच्या पडद्यांवर येऊन आदळते ती हवेची एकच मिसळलेली थरथर. समोरच्याचे बोलणे, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा हे सगळे त्या एका थरथरीत एकजीव झालेले असते. त्यातला कोणता भाग कोणाचा, याची चिठ्ठी कुठेच लावलेली नसते. पहिली वाटणी आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या कॉक्लियात होते. तिथल्या सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या पडद्यावर उंच सूर एका टोकाला आणि खालचे सूर दुसऱ्या टोकाला हालचाल घडवतात. पेटीच्या पट्ट्या मांडाव्यात तशी सुरांची इथे मांडणी असते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी ही हालचाल दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. या मांडणीचा गोंगाटाशी संबंध काय, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर यांनी १९४० मध्ये स्पष्ट केले. एखादा सूर झाकून टाकायला त्या सुराच्या आसपासच्या पट्ट्यातला गोंगाटच पुरतो. त्या पट्ट्याबाहेर कितीही गोंगाट वाढवला तरी सूर ऐकू येण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे कान हा अनेक अरुंद गाळण्यांचा संच आहे आणि गाळणी जितकी अरुंद, तितका नको असलेला आवाज बाहेर राहतो. या गाळण्या अरुंद ठेवण्याचे काम बाह्य रोमपेशी करतात. प्रत्येक कानात त्या सुमारे बारा हजार असतात, आवाजाबरोबर त्या स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि पडद्याची हालचाल नेमक्या जागी वाढवतात. त्या मेल्या की दोन गोष्टी एकदम होतात. हळू आवाज ऐकू येईनासा होतो, आणि गाळण्या रुंदावतात. पहिली हानी आलेखात दिसते. दुसरी आलेखात उतरत नाही, पण गोंगाटात तीच नडते.

कान दोन असण्याचाही इथे मोठा उपयोग होतो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदूच्या खालच्या भागातल्या पेशी तो पकडतात. १९४८ मध्ये लिकलायडर आणि हर्श या दोन अमेरिकी संशोधकांनी स्वतंत्रपणे एक विलक्षण गोष्ट दाखवली. दोन्ही कानांना तंतोतंत सारखा गोंगाट आणि सारखाच सूर दिला तर सूर बुडून जातो. त्यातल्या एका कानाचा सूर फक्त उलटा फिरवला, त्याची ताकद जराही वाढवली नाही, तरी तो गोंगाटातून वर येतो. खालच्या सुरांसाठी हा फायदा १५ डेसिबलपर्यंत जातो. दोन्ही कानांतल्या आवाजांची तुलना करून मेंदू गोंगाट वजा करतो, असाच याचा अर्थ. एक कान निकामी झालेल्या माणसाला 'दुसरा तर चांगला आहे ना' असे म्हणून आपण समजावतो, तेव्हा ही वजाबाकी त्याच्याकडून गेलेली आहे याचा आपल्याला विसर पडतो.

यापुढचे काम सर्वस्वी मेंदूचे. गोंगाट क्वचितच एकसारखा असतो. तो चढतो-उतरतो, आणि उतारातल्या फटींतून मेंदू बोलण्याचे तुकडे उचलतो. एकाच वेळी सुरू झालेले, एकाच स्वरपट्टीत चढणारे-उतरणारे, एकाच दिशेने आलेले तुकडे तो एका माणसाच्या नावावर जमा करतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे अल्बर्ट ब्रेगमन यांनी या जुळवाजुळवीचे नियम आयुष्यभर अभ्यासले आणि १९९० मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. त्याआधी, १९५३ मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे कॉलिन चेरी यांनी दोन निवेदने दोन कानांत एकदम ऐकवून एका निवेदनावर लक्ष ठेवायला सांगितले होते. लोकांना ते सहज जमले. मात्र दुसऱ्या कानात कोणती भाषा चालू होती, हेही त्यांना सांगता आले नाही. बोलणारा पुरुष जाऊन बाई आली, तर तेवढे लक्षात आले. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना दोन आवाज एकत्र ऐकवले. मेंदूच्या श्रवणकेंद्रातली हालचाल वाचून आवाजाचा नकाशा पुन्हा उभा केला, तेव्हा तो ज्याच्याकडे लक्ष होते त्या एकट्याच्या बोलण्यासारखा निघाला. दुसरा जवळपास पुसला गेला होता. हे सगळे काम आपल्याला जाणवतही नाही, म्हणूनच ते सोपे आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याला लक्ष लागते, स्मरणशक्ती लागते, भाषेची जाण लागते, आणि ते दिवसभर करावे लागले तर माणूस थकतो.

बोलण्यातला कोणता भाग गोंगाटात आधी जातो, हेही ठाऊक आहे. मिलर आणि नायसली यांनी १९५५ मध्ये इंग्रजी व्यंजनांवर केलेला अभ्यास आजही पाया मानला जातो. गोंगाट वाढू लागला की व्यंजनाचा उच्चार तोंडात कुठे झाला याची खूण आधी नाहीशी होते. घोष आणि अनुनासिक असण्याची खूण बराच वेळ टिकते. हे मराठीला लावून पाहा. पान, तान आणि कान या तीन शब्दांत फरक आहे तो पहिल्या व्यंजनाच्या जागेचा. सेकंदाच्या काही शतांश भागात होऊन जाणारा तो हलका स्फोट आहे, आणि त्याची बरीचशी ओळख वरच्या सुरांत असते. गोंगाटात हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात, तर 'कान' आणि 'मान' वेगळे राहतात. मोठ्या माणसाला वाक्याच्या संदर्भावरून चुकलेला शब्द भरून काढता येतो. शिवाय बोलणाऱ्याचे ओठ दिसत असतील तर नेमकी हरवलेली खूण डोळ्यांना मिळते: प म्हणताना ओठ मिटतात, त आणि क म्हणताना मिटत नाहीत. गोंगाट जितका मोठा, तितकी चेहरा पाहण्याची मदत मोठी, हे समबी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजून दाखवले होते. ज्याला शब्दच नवा आहे आणि ज्याच्याकडे पाठ करून कोणी फळ्यावर लिहिता लिहिता बोलत आहे, त्याला यातला कोणताच आधार उरत नाही. शाळेतल्या मुलाची नेमकी हीच स्थिती असते.

आता तपासणीकडे परत येऊ. नेदरलँड्सचे राइनियर प्लॉम्प यांनी १९७८ मध्ये श्रवणहानीचे दोन भाग वेगळे केले: आवाज मंद होणे आणि आवाज विस्कटणे. मंद झालेला आवाज यंत्राने वाढवता येतो. विस्कटलेला कितीही वाढवला तरी विस्कटलेलाच राहतो, कारण यंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवते. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, कारहार्ट आणि टिलमन यांनी गोंगाटात बोलणे समजण्याची चाचणी नेहमीच्या तपासणीचा भाग झाली पाहिजे, असे लिहून ठेवले. या गोष्टीला अर्धशतक उलटून गेले. २००९ मध्ये बोस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी या जुन्या मागणीला नवे बळ दिले. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, रोमपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे काही भागात जवळपास निम्मे नष्ट झाले होते, आणि ते परत आले नाहीत. आलेख काढला असता तर हे कान निर्दोष ठरले असते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत वाढत्या वयाबरोबर रोमपेशी असूनही तंतू कमी झालेले आढळले आहेत. परंतु मोठ्या आवाजात वावरणाऱ्या तरुणांवर झालेल्या अभ्यासांतून एकसारखे उत्तर मिळालेले नाही. त्यामुळे डीजेसमोर एक रात्र नाचलेल्या प्रत्येक मुलाचे सांधे तुटले, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. माझा मुद्दा मात्र या एका शोधावर उभा नाही. तंतू तुटल्यामुळे असो, गाळण्या रुंदावल्यामुळे असो, दोन कानांची तुलना बिघडल्यामुळे असो की मेंदूची जुळवाजुळव मंदावल्यामुळे, गोंगाटात न समजणे ही स्वतंत्रपणे मोजता येणारी गोष्ट आहे आणि शांततेतल्या आलेखावरून तिचा भरवशाचा अंदाज येत नाही. कारण कोणते, हा पुढचा प्रश्न. आधी अडचण आहे हे कागदावर तरी यायला हवे.

कागदावर न आल्याचा परिणाम कायद्यात दिसतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या सुरांसाठी ७० डेसिबलची हानी असेल तर बहिरेपणा आणि ६० ते ७० डेसिबलची असेल तर ऐकण्यास कमी, अशी व्याख्या आहे. सगळा हिशेब शांततेतल्या सुरांचा. एक कान पूर्ण गेलेला माणूस, किंवा दोन्ही कानांत ४० डेसिबलची हानी असलेली आणि पन्नास मुलांच्या वर्गात बसलेली मुलगी, या व्याख्येच्या बाहेर राहते. श्रवणयंत्र आहे ना, असे कोणी म्हणेल. यंत्रे सुधारली आहेत, समोरचा आवाज उचलणारे मायक्रोफोन आणि गोंगाट ओळखून कमी करणारी प्रणाली त्यांत आली आहे, आणि ज्याला गरज आहे त्याने ती वापरलीच पाहिजेत. पण गोंगाटात यंत्राचा उपयोग किती होतो हे ठरवायलाही गोंगाटातलीच चाचणी लागते. ती न करता यंत्र दिले, की आजी-आजोबा ते आठवडाभर लावतात, कपाटात ठेवतात, आणि घरचे म्हणतात की त्यांना सवयच करून घ्यायची नाही.

माझी सर्वात मोठी काळजी मुलांबद्दल आहे. कानाची रचना जन्मतःच जवळपास पूर्ण असते, मात्र गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची मेंदूची क्षमता पिकायला वर्षे लागतात. एकसुरी गोंगाटात ती दहाव्या वर्षाच्या सुमारास मोठ्यांच्या जवळ येते. आजूबाजूला दुसरे कोणी बोलत असेल तर तेरा-चौदा वर्षांचे होईपर्यंत मूल मागेच असते. निरोगी कानाच्या तरुणाला गोंगाट बोलण्यापेक्षा दोन-अडीच डेसिबल मोठा असला तरी साधी वाक्ये निम्मी समजतात, आणि या सीमेवर एकेका डेसिबलने समजण्याचे प्रमाण दहा ते वीस टक्क्यांनी हलते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेवढेच समजायला परिस्थिती कितीतरी अधिक अनुकूल लागते. म्हणूनच वर्गात शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल तरी वर असावा, अशी शिफारस या क्षेत्रात केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सांगितली आणि आवाज घुमत राहण्याचा काळ, म्हणजे निनाद, ०.६ सेकंदांच्या आसपास असावा असे सुचवले. अमेरिकेचे २००२ चे वर्गखोल्यांचे मानकही रिकाम्या वर्गासाठी हेच आकडे देते.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. शिक्षकांचे नेहमीचे बोलणे एका मीटरवर साधारण ६० ते ६५ डेसिबल असते आणि शेवटच्या बाकापर्यंत जाताना ते ५०-५५ वर येते. रहदारीच्या रस्त्याकडेला ७० डेसिबल ही रोजची गोष्ट. उघड्या खिडकीतून आत येताना हा आवाज दहा-पंधरा डेसिबलनेच कमी होतो, म्हणजे वर्गात ५५ ते ६० शिल्लक राहतो. शेवटच्या बाकावर गोंगाट शिक्षकांच्या बरोबरीला किंवा वर आला. जिथे १५ डेसिबलची आघाडी हवी, तिथे शून्य किंवा उणे. वर शहाबादी फरशी, सिमेंटचा गिलावा आणि पत्र्याचे छप्पर. यांतले काहीच आवाज शोषून घेत नाही, त्यामुळे मागच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर पसरतो आणि गोंगाटातल्या ज्या फटींतून मेंदू बोलणे उचलतो त्या फटीच बुजतात. पावसाची सर पत्र्यावर कोसळू लागली की शिकवणे थांबवावे लागते, हे राज्यातल्या कितीतरी शिक्षकांना सांगायला नको. जिथे एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात तिथे तर दुसऱ्या इयत्तेचा पाठ हाच गोंगाट असतो, आणि समजेल असे दुसरे बोलणे हा मुलांसाठी सर्वात घातक गोंगाट आहे. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की आपला नियम वाईट नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली गेली तर उघड्या खिडकीच्या आत ३५ ते ४० डेसिबल उरतील, म्हणजे जागतिक शिफारशीच्या अगदी जवळ.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की आपल्या मुलांना सवय असते. रेल्वेच्या रुळांशेजारी वाढलेली मुलेही शिकली, मोठी झाली. सवय होते ती चिडचिडीची. आवाजाने आवाज झाकला जाणे सवयीने थांबत नाही, कारण ते आतल्या कानातल्या पडद्याच्या हालचालीत घडते. याचा पुरावा न्यूयॉर्कच्या एका शाळेत सापडला. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या या सार्वजनिक शाळेच्या एका बाजूने उन्नत लोहमार्ग जात होता आणि काही मिनिटांनी एकेक गाडी धडधडत जात असे. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये रुळांकडच्या वर्गांतल्या मुलांची वाचनाची कामगिरी त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांशी ताडून पाहिली. सहावीपर्यंत रुळांकडची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडली होती. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ मध्ये पुन्हा मोजले तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक उरला नव्हता. म्युनिकमध्ये १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांचा आधी आणि नंतर अभ्यास केला. जुन्या विमानतळाशेजारच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण सुधारले. नव्या विमानतळाशेजारच्या मुलांचे तेच घसरले, आणि त्यांची बोलणे ओळखण्याची क्षमताही कमी झाली. सवयीने प्रश्न सुटत असता तर रबराचे थर बसवून आणि विमाने हटवून मुले सुधारण्याचे कारणच नव्हते. शिकून मोठी झालेली मुले आपल्याला दिसतात. न समजल्यामुळे 'ढ' ठरून मागे राहिलेल्यांची नोंद कुठेच नसते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शिक्षकांनी मोठ्याने बोलावे, नाहीतर माइक द्यावा. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवले. वर्गात शिक्षक आवाज चढवतात, मग मुले चढवतात, मग शेजारचा वर्ग चढवतो. घुमणाऱ्या खोलीत आवाज चढवला की घुमाराही तितकाच चढतो, म्हणून समज वाढत नाही. शिक्षकांचा घसा मात्र बसतो. फार मोठ्या आवाजात कानाच्या गाळण्याही रुंदावतात. तोंडाजवळ धरलेला माइक आणि मुलाच्या कानाशी पोचणारा आवाज ही जोडी श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी वरदान आहे, कारण त्यात बोलणे गोंगाट मिसळण्याआधीच उचलले जाते. संपूर्ण वर्गासाठी भिंतीवर कर्णा लावणे ही त्याची बरोबरी नव्हे.

यात एक गोष्ट आपल्या राज्यात विशेष जड जाते. परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात मातृभाषेपेक्षा कितीतरी लवकर कोसळते, आणि ती भाषा शांततेत उत्तम समजणाऱ्यांचेही असेच होते, हे १९९७ मध्ये द्विभाषिकांवर झालेल्या अभ्यासात दिसले. मराठी घरातले मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात, भिली किंवा कोरकू बोलणारे मूल मराठी वर्गात बसते, तेव्हा चुकलेला शब्द भरून काढायला त्याच्याकडे भाषेची शिल्लक कमी असते. त्याच पंख्याखाली, त्याच रस्त्याशेजारी त्याचे नुकसान अधिक होते. माध्यमाबद्दल आपण वर्षानुवर्षे वाद घालत आलो. वर्गाच्या भिंतींबद्दल त्या वादात कोणी बोलताना दिसत नाही.

उरतो पैशांचा आक्षेप. शाळांना शिक्षक पुरेसे नाहीत, स्वच्छतागृहे नाहीत, आणि हे ध्वनीचे लाड कशाला? या प्रश्नामागची चणचण खरी आहे. पण शिक्षकांवर होणारा सगळा खर्च त्यांचे बोलणे मुलांना समजावे यासाठीच आहे, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत समजण्याजोगे पोचत नसेल तर त्या खर्चाचा एक भाग रोज वाया जातो. उपायही महागडे नाहीत. नव्या खोल्या बांधताना वर्ग रस्त्यापासून आतल्या बाजूला आणि कार्यालय व भांडारगृह रस्त्याकडे ठेवायला जादा पैसा लागत नाही. पत्र्याखाली छत घालणे, मागच्या भिंतीवर मऊ फलक लावणे, खडखडणारा पंखा दुरुस्त करणे, बाक ओढताना होणारा कर्कश आवाज थांबवायला पायांना रबर लावणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिनियंत्रणाचे प्रकरण आहे. शाळांच्या निविदेत निनादाची मर्यादा लिहिली आणि बांधकाम ताब्यात घेताना ती मोजली, एवढेच पाहिजे.

तपासणी तर याहून स्वस्त आहे. नेदरलँड्सने २००३ मध्ये फोनवरून घेता येणारी चाचणी सुरू केली. गोंगाटात तीन आकडे ऐकू येतात, ते बटणांवर दाबायचे. उत्तर बरोबर आले की गोंगाट वाढतो, चुकले की कमी होतो, आणि काही मिनिटांत त्या माणसाची सीमा सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच तत्त्वावरचे मोबाइल अॅप काढले. इथे मोजले जाते ते बोलणे आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, स्वतः आवाजाची पातळी नव्हे. म्हणून तिला ध्वनिरोधक खोली लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. आकडे पहिलीतल्या मुलालाही येतात. या चाचणीची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. मधल्या कानात पाणी किंवा पू झाल्याने आलेले बहिरेपण, जे आपल्या मुलांत बरेच आढळते, ते तिच्यातून निसटू शकते. कारण मोबाइलवर आवाज वाढवला की अशा मुलाला आकडे नीट कळतात. त्यामुळे कानात डोकावून पाहणे आणि सुरांची तपासणी बंद करायची नाही. तिच्या जोडीला ही चाचणी ठेवायची आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याची पथके शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. वाणी आणि श्रवणाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. मराठी आकड्यांची चाचणी वऱ्हाडापासून कोकणापर्यंतच्या मुलांवर पडताळून घेण्याचे काम या संस्थेकडे सोपवावे, ती चाचणी पथकांच्या मोबाइलवर द्यावी, आणि पहिली, चौथी व सातवीच्या मुलांची नोंद त्यांच्या आरोग्यपत्रकात घालावी, अशी माझी आरोग्य आणि शालेय शिक्षण या दोन्ही खात्यांना मागणी आहे. सरकार हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी शेवटच्या बाकावर बसून पाठ ऐकावा. आणि घरातल्या कोणाचे कान तपासायला जाल, तेव्हा आलेख हातात घेऊन उठू नका. गोंगाटात किती समजते याची चाचणी करून मागा.